खाली झेंडू, वर नवरा

बेबीताई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिने ताडपत्रीचा भाव विचारला नाही. वजन विचारलं.

अकोल्यात माझं ताडपत्री, रेक्झिन आणि सीट कव्हरचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, कापड बोटांत चोळतं, भाव ऐकून तोंड वाकडं करतं आणि शेजारच्या दुकानात एक चक्कर मारून परत माझ्याकडेच येतं. ही बाई सरळ आत आली. घडी घातलेली एक ताडपत्री तिने दोन्ही हातांवर घेतली, लहान मूल जोखावं तशी जोखली आणि खाली ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

"ताई, याच्याहून हलकं हाय का काही?"

"कशावर टाकायची आहे?"

"टाकाची नाई. उचलाची हाय. रोज. अन् मलेच उचलाची हाय."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. पुढे कितीतरी वेळा आली, कधीच बसली नाही. विचारलं तर म्हणायची, "बसलेल्या मानसाचं वजन वाढते, मग उठवत नाई." बांध्याने ठेंगणी, खांद्याने रुंद, बोटं झेंडूच्या देठांनी कायमची हिरवट-पिवळी. पदराच्या टोकाला गाडीची किल्ली गाठ मारून बांधलेली. पन्नाशीची बाई स्वतः पिकअप चालवत बाळापूरकडून आली होती आणि चपला काढून चालवते म्हणाली, कारण चपलेतून ब्रेक कळत नाही.

काय करायचंय ते तिने मला माझ्याच टेबलावर दाखवलं. खडूची पुठ्ठ्याची पेटी होती. तिने ती उभी धरली आणि आतला खण बोटाने खालून वर ढकलला.

"ही माही गाडी. हा पलंग. पलंग वर गेला का छप्पर बी वर. मधात चारी बाजूनं कापड. पलंग खाली आला का कापडाच्या घड्या पडल्या पायजे, भात्यावानी. गाडी पुन्हा गाडीएवढीच."

"आणि पलंगावर कोण?"

"आमचे हे."

मी निळी ताडपत्री दाखवली, ती सगळ्यांत हलकी. तिने ती दारात उन्हाकडे धरली, खाली स्वतःचा पिवळा हात धरून पाहिला आणि मान हलवली. "निळ्याखाली झेंडू आजारी दिसते. घेणारा भाव पाडते." मग हिरवी. "हिरव्याखाली कच्चं दिसते." पांढरं मळेल, मी म्हणाले. "मळू द्या. धुतो मी." शेवटी पांढरं जाड कापड ठरलं, ते तिला वजनाला जास्त वाटलं, म्हणून मी शिवणीच्या पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या करायचं कबूल केलं. गिऱ्हाइकासाठी मी सहसा एवढं डोकं लावत नाही. पण हिच्याशी वाद घालताना आपण एखाद्या कामाच्या गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटायचं.

तिचं म्हणणं एकच असे. "वजन खोटं बोलत नाई." माणूस काहीही सांगो, ती वस्तू हातात घ्यायची.

त्या पलंगाची गरज काय होती ते मला तुकड्यातुकड्याने कळलं, कारण तिला रडगाणं येत नव्हतं. नवरा गजूभाऊ. दोघांचा फुलांचा मळा, झेंडू आणि शेवंती. गजूभाऊ बाजारात उभे राहून माल विकणार, ही मळ्यात तोडणी करून घेणार, अशी वाटणी. फुलं अमरावतीला न्यायची, कारण तिथे भाव चांगला निघतो. पण तिथे आदल्या दिवशी जागा धरावी लागते आणि मुक्काम करावा लागतो. एका उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला त्यांनी यारी लावली होती. यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेला लोखंडी सांगाडा. त्याच्या चक्रावर तारेचा दोर गुंडाळून बादली वर ओढतात. गजूभाऊ काठावर उभे होते. काठाची माती खचली. त्याच यारीने, त्याच दोराने, त्यांना फळीवर बांधून वर काढलं. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं.

त्यानंतर बाजार तिच्याकडे आला. ती अमरावतीला गेली की गजूभाऊ घरी. शेजारीण येऊन पाहून जायची. एकदा शेजारीण आली नाही. बेबीताई परतली तेव्हा ते पलंगाखाली जमिनीवर होते, पाण्याच्या तांब्यापासून हातभर लांब. किती वेळ, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून तिने मुक्काम बंद केला. माल बांधावरच व्यापाऱ्याला जायला लागला, म्हणजे व्यापारी म्हणेल तो भाव.

धाकटा दीर प्रल्हाद शेजारच्याच शेतात. त्याचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, दादाले माह्या घरी ठेव. मळा मी वाह्यतो. फुलाची कटकट सोड, सोयाबीन पेरू." तो वाईट माणूस नव्हता. भावाचं अंग पुसायला तोच यायचा. त्याच्या घरची मागची खोली पण चांगली होती. बेबीताई ती पाहून आली होती.

"खोली चांगली हाय," ती मला म्हणाली. "खिडकी नाई तिले."

म्हणून पलंग. उंच बांधून टाकावा, तर गजूभाऊंना त्यावर चढवणार कोण? खालीच ठेवावा, तर क्रेट ठेवणार कुठे? तेव्हा पलंग खाली आला पाहिजे, त्यांना घेऊन वर गेला पाहिजे, आणि त्याच्याखाली फुलं राहिली पाहिजेत, सावलीत. रस्त्यावर गजूभाऊ पुढे, मागे रेलणाऱ्या सीटवर. वाटेत मूर्तिजापूरला थांबून त्यांची कूस बदलायची. बाजारात पोचलं की पलंग.

वेल्डिंग केलं इस्माईलभाईंनी. माझ्या दुकानाला लागूनच त्यांचं गॅरेज, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. चार कोपऱ्यांना चार पाइप, प्रत्येकात दुसरा पाइप वर-खाली सरकणारा. पलंगाच्या चारी कोपऱ्यांना तारेचा दोर, चारही दोर एका चक्रावर, चक्राला हँडल. इस्माईलभाईंनी नवं चक्र आणायला सांगितलं होतं. बेबीताई जुनं घेऊन आली. त्याच यारीचं.

"बाई, नया लो. ये कबका है," ते म्हणाले.

"यानं त्यायले एकदा वर काढलं हाये. नव्यानं कोनाले काढलं?"

इस्माईलभाईंनी चक्र तिच्या हातातून घेतलं. त्यांनी चक्र खोललं, घासलं, दातेरी चाकावर नवा खटका बसवला. हँडल फिरवलं की खटका एकेका दात्यावर पडायचा, टक, टक, टक. हात सोडला तरी चाक उलटं फिरायचं नाही. बेबीताई तो आवाज डोळे मिटून ऐकायची. "बोलते तवर भेव नाई," म्हणायची.

पलंगाची परीक्षा तिने हरभऱ्याच्या कट्ट्यांनी, म्हणजे छोट्या पोत्यांनी, घेतली. प्रत्येक कट्टा स्वतः जोखून चढवला. नवऱ्याच्या वजनाएवढे झाले तरी ती थांबली नाही, अजून चढवत राहिली.

"आता कशाला?" मी विचारलं. "हे तर दोन माणसांचं झालं."

"दोघाचंच पाह्यतो मी."

"तुम्ही वर झोपणार का?"

"नाई. हँडलापाशी कोन राह्यन मग?"

मला ते तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिने हँडल फिरवलं. कट्टे वर गेले, छप्पर वर गेलं, माझं पांढरं कापड घडी घडी उलगडत ताणलं. खरं सांगते, शिवण कुठे ओढली जातेय का यापलीकडे मी काही पाहत नव्हते. कुठेच ओढली गेली नाही. प्रल्हाद गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. तो आला, पलंगाखाली डोकं घालून वर पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, एक हंगाम. दादाले जर का खरोंच आली, तर गाडी उभी करायची अन् मी म्हनतो तसं करायचं. बोल."

बेबीताईने त्याच्याकडे पाहिलं. "मशीन चुकली तर तू म्हनशीन तसं," ती म्हणाली. बस. तिची कबुली एवढीच असे, पण मोडायची नाही.

त्या हंगामात मी अमरावतीच्या फुलबाजारात तिला पुष्कळदा पाहिलं, कारण माझी बहीण तिथे राहते आणि मी महिन्याकाठी जातेच. गाडी उभी केली की आधी क्रेट उतरायचे. पलंग खाली. मग ती पुढून गजूभाऊंना पाठुंगळी घ्यायची, मागच्या फाळक्यावर टेकवायची, सरकवायची, त्यांचे पाय उचलून सरळ करायची. त्यांच्या कमरेला गादीची पट्टी, मीच शिवलेली. मग हँडल. टक, टक, टक. छप्पर वर, कापडं गुंडाळून बाजूला, क्रेट परत पलंगाखाली, आणि आडवा पडलेला माणूस अख्ख्या बाजाराच्या डोक्यावर.

पहिल्या दिवशी लोक हसले. "काय गा गजूभाऊ, खाली झेंडू, वर नवरा! कोनता माल इकाचा हाय?"

"वरचा इकत नाई," बेबीताई खालून म्हणाली. "त्याले गिऱ्हाईक भेटत नाई."

सगळ्यांत मोठ्याने गजूभाऊ हसले. त्यांचा आवाज पडला नव्हता, उलट इतकी वर्षं घरात कोंडून चांगला मुरला होता. वरून त्यांना दिसायचं की कोणाच्या गाडीत माल किती उरलाय, कोणता व्यापारी कुठून फिरून येतोय. भाव ते वरून बोलायचे, माल ती खालून द्यायची. मधल्या वेळात ते हार ओवायचे. जाड सुई, दोरा, छोटी कात्री, सगळं उशाशी. बेबीताई खाली, क्रेटच्या मधल्या फटीत, हँडलपासून हातभर अंतरावर आडवी व्हायची. वर जायला शिडी होती. ती कधी चढली नाही. हँडल दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. एकदा प्रल्हादने नुसता हात लावला तर म्हणाली, "ठेव ते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथला बाजार कसा असतो ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. जिकडे तिकडे झेंडू आणि माणसं. मी बहिणीकडे आले होते, दुपारी दुकानासाठी फुलं घ्यायला गेले. बेबीताईची गाडी नुकतीच लागली होती. प्रल्हादही आला होता, गर्दीचा दिवस म्हणून. क्रेट उतरले होते, गजूभाऊ पलंगावर होते, आणि बेबीताईने हँडल धरलं होतं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. माझ्याही शिलाई मशीनला हळदकुंकू लागतं. सकाळी निघण्यापूर्वी गजूभाऊंनी बेबीताईच्या पाठुंगळीवरूनच हात लांब करून चक्राची पूजा केली होती, हार घातला होता. आणि साधा हार नाही. आदल्या दिवसभर ओवलेला, मनगटाएवढा जाड, दुहेरी दोऱ्याचा. ज्याने आपल्याला विहिरीतून वर काढलं त्याला माणूस आणखी काय देणार? बेबीताईने हार पाहिला होता. तो चक्रावर छान दिसत होता. हलवायचं तिच्या मनात आलं नाही. कोणाच्याही आलं नसतं.

देवीच्या मंडळाचा लाऊडस्पीकर अगदी जवळ लागला होता, खटक्याचा आवाज त्यात बुडून गेला होता. ती हँडल फिरवत होती, पलंग वर चढत होता आणि मी फुलं निवडत होते. पलंग तिच्या डोक्याच्या वर गेला. हात बदलायला तिने हँडल क्षणभर सोडलं.

हँडल उलटं फिरलं.

पलंग वीतभर कोसळला आणि थांबला, कारण बेबीताई हँडलवर छातीने पडली होती. दांडा तिच्या कोपराला लागला होता. वर गजूभाऊंच्या तोंडून आवाज निघाला तो शब्द नव्हता.

मी चक्राकडे पाहिलं. हाराचा दोरा दात्यांमध्ये ओढला गेला होता, पाकळ्यांचा लगदा आणि दोरा मिळून दाते बुजले होते. खटका त्यावरून नुसता घसरत होता. हँडल तिच्या हातात एका वेळी अर्धा फेराच राहत होतं. वर न्यायचं असो की खाली घ्यायचं, हात बदलावा लागणारच, आणि हात बदलण्याएवढा वेळ पलंगाला कोसळायला पुरेसा होता. पाठीचा मणका एकदा तुटलेला माणूस एवढ्या उंचीवरून गाडीच्या लोखंडी फरशीवर आपटला तर काय होतं, हे सांगायला नको.

"प्रल्हाद," बेबीताई म्हणाली. ओरडली नाही. "खांदा लाव."

तो गाडीत चढला होताच. पलंगाच्या पट्टीखाली त्याने खांदा घातला, गुडघे वाकवले. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. तो एक बाजू उचलू शकत होता, चार नाही.

"ताई, दोरा!" बेबीताई मला म्हणाली.

माझ्याजवळ काही नव्हतं. मी नखाने ओढू लागले, दोरा आणखी आत गेला. आणि वरून माझ्या हातावर काहीतरी पडलं. गजूभाऊंची कात्री. त्यांना खालचं दिसत नव्हतं, पण काय अडकलं ते त्यांना कळलं होतं. तो हार त्यांचाच होता.

मी कापायला लागले. कात्री फुलांची, टोक बारीक, दोरा दुहेरी. त्यांनी तो तुटू नये म्हणून दुहेरी घेतला होता. बेबीताईच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर पडत होता. तिने मला घाई करायला सांगितलं नाही. "दिसते का?" एवढंच विचारलं. "दिसतंय," मी म्हणाले. एक धागा सुटला, दुसरा सुटला, लगद्याचा गोळा बोटांनी उपसला. तिने सगळं अंग हँडलवर घालून ते किंचित पुढे रेटलं.

टक.

लाऊडस्पीकर असूनही तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला. प्रल्हाद मात्र खांदा काढेना. "सोड आता," ती म्हणाली. "बोललं ते." तरी त्याने काढला नाही. ती फिरवत गेली, पलंग त्याच्या खांद्यावरून आपोआप वर निघून गेला आणि तो तसाच वाकलेला राहिला.

मग तो खाली उतरला. "वहिनी, आपलं ठरलं होतं."

बेबीताईचं कोपर काळंनिळं होत होतं आणि ती त्याच्याकडे नाही, हँडलकडे पाहत होती. दिलेला शब्द ती मनात जोखत होती, हे मला कळत होतं. तो पाळायची वेळ आली असं तिला वाटलं असतं, तर तिने त्याच क्षणी गाडी परत फिरवली असती.

वरून गजूभाऊ बोलले. "काय ठरलं होतं?"

"दादा, तू मधात पडू नको."

"मधातच पडून हाओ मी. काय ठरलं होतं? मशीन चुकली तर. मशीन नाई चुकली. हार माह्या हातचा हाय."

"पडला असता ना तू!"

"विहिरीत पडलो होतो, तवा विहीर बुजवली का आपन?"

त्या विहिरीचं पाणी प्रल्हादच्याही शेताला जातं. खालून एक व्यापारी केव्हाचा वर पाहत उभा होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "गजूभाऊ, झेंडू कसा लावला?" त्याने विचारलं. गजूभाऊंनी भाव सांगितला. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, दुसऱ्याला नीट झाला. बेबीताईने पदराने चक्र पुसलं आणि क्रेट उचलला.

दिवाळीआधी इस्माईलभाईंनी दुसरा खटका बसवला आणि चक्रावर पत्र्याचं झाकण केलं. बेबीताईने एक नेमही केला. हार गाडीच्या नाकावर. यंत्राला नुसते हात जोडायचे. "देवाले माया करा, पन दात्यात नाई," ती म्हणाली. मी माझ्या शिलाई मशीनलाही तेव्हापासून हार घालत नाही. गाडी उभी करायची गोष्ट प्रल्हादने पुन्हा काढली नाही. पण बाजाराला तो दर वेळी येऊ लागला आणि पलंग वर जाताना पट्टीखाली खांदा लावून उभा राहू लागला. त्याची काही गरज नव्हती. ती त्याला हटकायची नाही, हे मला विशेष वाटायचं. हँडल मात्र द्यायची नाही.

पुढे माझी बहीण नागपूरला गेली आणि माझं अमरावतीला जाणं सुटलं. कापड चांगलं टिकलं असावं, कारण बेबीताई दुरुस्तीला आली नाही, आणि कारणाशिवाय येणारी ती नव्हे.

मध्यंतरी एका लग्नासाठी परतवाड्याला निघाले होते. अमरावतीत गाडी बदलायची होती, हाताशी वेळ होता, म्हणून फुलबाजारात डोकावले. पांढरं छप्पर लांबूनच दिसलं. आता पांढरं म्हणायचं नुसतं. धुऊन धुऊन राखाडी झालं होतं. शिवण शाबूत होती. ते नुकतंच वर चढत होतं.

हँडलवर प्रल्हाद होता.

मला वाटलं काहीतरी झालं. मी गर्दीतून पुढे सरकले. पलंगावर गजूभाऊ आडवे होते, सुईत दोरा घालत होते. आणि त्यांच्या पायांशी, दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरून, पाय खाली सोडून बेबीताई बसली होती. बसलेली. तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते. पलंग टक टक करत दोघांचं वजन वर नेत होता, आणि तिचे डोळे मिटलेले होते. ती ऐकत होती.

मग तिने डोळे उघडले, खाली वाकून पाहिलं.

"झोपला काय गा, प्रल्हाद? फिरव ना! गिऱ्हाईक चाल्लं."